आप्पांच्या डब्यातली कॉफी

आमच्या इमारतीत तिला सगळेच सूनबाई म्हणतात. तळमजल्यावरचा शिंपी म्हणतो, जिन्यात उड्या मारणारी पोरं म्हणतात, इतकंच काय, तिच्याहून वयाने मोठी असलेली पोस्टमनची बायकोसुद्धा म्हणते. तिचे सासरे आप्पा हे इमारतीतले सगळ्यांत जुने रहिवासी, त्यामुळे ती आल्या दिवसापासून आम्हा सर्वांचीच सून झाली. माझ्या वरच्या मजल्यावर ती, तिचा नवरा आणि आप्पा राहतात. नवरा लांब पल्ल्याचे ट्रक चालवतो. तो तिथे राहतो असं म्हणायचं ते त्याचे कपडे तिथे वाळत असतात म्हणून.

सूनबाई कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवते. तिच्याशी बोलत असताना ती आपल्या डोळ्यांकडे बघत नाही, चष्म्याकडे बघते. बोलता बोलता हात पुढे करून माझा चष्मा काढून घेते, काडी जराशी वाकवते, फुंकर मारून पुसते आणि परत नाकावर ठेवते. हे सगळं होईपर्यंत तिचं वाक्य तुटलेलं नसतं. मला ही मुलगी फार आवडते. मुलगी म्हटलं तरी आता कानांमागचे केस पांढरे व्हायला लागलेत तिचे.

दुकानातून ती दिवसातून दोनदा घरी यायची, सकाळी अकराच्या सुमाराला आणि दुपारी चारला. यायची, कॉफी करायची, जायची. आप्पांना तिच्याशिवाय कुणाच्या हातची कॉफी चालत नसे आणि स्वतःला करता येत नसे. त्यांचे हात थरथरतात. कप दोन्ही हातांनी धरून कसाबसा तोंडाशी नेतील, पण दाणे मोजणं, दळणं, उकळतं पाणी बारीक धारेने ओतणं त्यांच्याकडून होत नसे.

आणि आप्पा म्हणजे कॉफीतले कुणी साधेसुधे नव्हेत. एका मोठ्या व्यापारी कंपनीत त्यांनी जन्मभर चव घेण्याचं काम केलं. गोदामात पोती उतरली की आप्पांची जीभ लागल्याशिवाय पुढे सरकत नसत. निवृत्त झाल्यावर ते आमच्या भागातल्या साप्ताहिकात सदर लिहायला लागले. गावात हल्ली लहान लहान भट्ट्या निघाल्यात, कुणी गॅरेजमध्ये तर कुणी मागच्या पडवीत कॉफी भाजतं. त्यांची पाकिटं संपादक आप्पांकडे पाठवतात, आप्पा चाखतात आणि चांगलं-वाईट लिहितात. लिहितात म्हणजे सांगतात, लिहिते मी. मी शाळेत बाई होते; माझं अक्षर गोल आहे आणि मी शुद्धलेखन सुधारते पण मत सुधारत नाही, एवढ्या दोन गुणांवर त्यांनी मला ठेवून घेतलं आहे.

मागे एकदा सूनबाईला बहिणीकडे दोन दिवस राहायला जायचं होतं. शिंप्याची बायको म्हणाली, "जा गं तू, आप्पांची कॉफी मी बघते." आप्पांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. यात पडदे भिजत घालता येतील." शिंप्याची बायको रडत खाली आली आणि सूनबाई त्याच संध्याकाळच्या बसने परत. पिशवीसुद्धा उघडली नव्हती तिने.

मग आप्पांच्या छातीत धडधड सुरू झाली. बसल्या जागी काळीज पळायला लागायचं आणि अंगाला घाम सुटायचा. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी सांगितलं, कॉफी बंद. सदरासाठी तोंडात घेऊन थुंका हवी तर, पण पोटात जाऊ द्यायची नाही.

"मग जेवणही चावून थुंकतो," आप्पा म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा धडधड, पुन्हा दवाखाना. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सूनबाईला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर पुढच्या वेळी त्यांना आणायची घाई करून उपयोग व्हायचा नाही. तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा ढाब्यावर होता. म्हणाला, "तू घरात असतेस, तूच बघ काय ते."

पुढे सूनबाईने जे केलं ते मला बरंच नंतर कळलं, पण क्रमाने सांगते. बसच्या आगाराच्या मागे एक तरुण बाई एकटीने भट्टी चालवते. तिच्याकडे डिकॅफ मिळते, म्हणजे अशी कॉफी की जिच्यातलं झोप उडवणारं, काळीज पळवणारं द्रव्य दाणे कच्चे असतानाच काढून टाकलेलं असतं. सूनबाई तिच्याकडून ते दाणे आणायला लागली आणि आप्पांच्या निळ्या डब्यात भरायला लागली. तो डबा आप्पांच्या कंपनीचा, निरोपाच्या वेळी मिळालेला. त्यात काय आहे याची शंका घ्यायचं आप्पांना कारणच नव्हतं. भट्टीवालीला हिचं घर ठाऊक नव्हतं, ही कुणाची सून हेही नाही. चष्म्याच्या दुकानातल्या ताई म्हणून ती ओळखायची.

सदराच्या पाकिटांतले चमचा-चमचा सोडले तर खरी कॉफी पोटात जाईना, आणि आप्पांची धडधड थांबली. डॉक्टर खूश झाले. आप्पा तर विजयी वीरासारखे जिन्यात सांगायचे, "बघा, कॉफी पितोय आणि ठणठणीत आहे. डॉक्टरांना काय कळतंय!"

फक्त एक कुरकूर सुरू झाली. कॉफीची चव घशाखाली गेल्यावर जी मागे रेंगाळते तिला आप्पा शेपूट म्हणतात. रोज पहिल्या घोटाला म्हणायचे, "सूनबाई, शेपूट तोकडं आलंय. हात घाईत आहे तुझा. कुणाच्या तरी काचा डोक्यात घोळवत पाणी ओतलंस."

"हो आप्पा. उद्या सावकाश ओतीन."

असे साताठ महिने गेले. तिने सावकाश ओतलं, पाणी कमी तापवलं, जास्त तापवलं. शेपूट काही वाढेना. ती बोलणी खायची आणि दुकानात पळायची. तिच्या जागी मी असते तर एखाद्या दिवशी डबाच आपटला असता, पण तिला आपटायचीही सोय नव्हती. डबा उघडा पडला की सगळंच उघडं पडणार.

एका रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे कागद-पेन घेऊन वर गेले. संपादकांचं जाड पाकीट आलं होतं. आप्पा ते स्वतःच फोडतात, कितीही वेळ लागला तरी. थरथरत्या हातांनी त्यांनी आतली पिशवी काढली, लांब धरून वाचली आणि नाक मुरडलं.

"डिकॅफ! बाई, माझ्यावर ही वेळ आली. डिकॅफ म्हणजे दिवा न लावलेली खोली. सामान सगळं असतं, दिसत काही नाही."

"मग परत पाठवा," मी म्हटलं.

"छे! आधी मत बनवायचं आणि मग चाखायचं, हे आपलं काम नाही. सूनबाई, पाणी ठेव."

सूनबाई ओट्याशी उभी होती. तिने पिशवीवरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं गॅसवर काहीतरी उतू गेलं. ती म्हणाली, "आप्पा, आज नको. नळाला गढूळ पाणी आलंय."

"मग कालचं भरलेलं घे."

"दुकानात जायचंय मला."

"रविवारी?"

तिने पाणी ठेवलं. तिचं संकट काय होतं ते सांगायला आप्पांची पद्धत सांगायला हवी. नवी कॉफी ते कधी एकटी चाखत नाहीत. शेजारी घरच्या डब्यातली ठेवतात. ती ओळखीची, म्हणून ती माप. चार सारखे पांढरे कप, दोन घरच्या कॉफीचे, दोन नवीचे. घरच्या कपांना बुडाशी नखरंगाचा लाल ठिपका आहे. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसतात, सूनबाई कप पुढे-मागे करते आणि मग आप्पा वळतात. म्हणजे आता डब्यातली भट्टीवालीची डिकॅफ आणि पाकिटातली भट्टीवालीची डिकॅफ एकमेकींशेजारी बसणार होत्या.

तिने दळलं. ओतलं. कप फिरवले. पाण्यावर भुग्याचा जाड थर आला, आप्पांनी वाकून चमच्याने तो फोडला आणि वास घेतला. मग थर काढून टाकून ते कॉफी निवायची वाट बघत बसले. निवल्यावर चमचा तोंडाला लावून सुर्रकन ओढतात. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यांना वर्गाबाहेर काढावंसं वाटलं होतं.

पहिला कप. दुसरा. तिसरा. चौथा. पुन्हा पहिला.

"सूनबाई, चारही कपांत एकच घातलंस."

"नाही आप्पा. दोन डब्यातले, दोन पाकिटातले."

बिचारी अगदी खरं बोलत होती.

"पुन्हा कर. माझ्यासमोर दळ."

तिने त्यांच्यासमोर दळलं. आप्पांनी पुन्हा चाखलं, या वेळी डोळे मिटून. "हे दोन ताजे भाजलेले आहेत. ते दोन आठवडाभर डब्यात बसलेत. बाकी दाणा एक, भट्टी एक." मग त्यांनी स्वतः कप तिरपे करून बुडं बघितली. कॉफी टेबलावर सांडली. लाल ठिपके बरोबर जिथे असायला हवे तिथे होते.

मी पेनाचं टोपण लावलं.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"जीभ. डिकॅफ आणि कॉफी एक लागतेय मला, बाई. पहिल्या वर्षाच्या उमेदवारालासुद्धा मी यावरून हाकललं असतं." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तरीच! म्हणजे शेपूट तोकडं नव्हतंच. मीच थकलोय. उगाच या पोरीला बोलत राहिलो."

सूनबाईने ओट्याची कड घट्ट धरली होती.

आप्पांनी मला संपादकांना दोन ओळी लिहायला सांगितल्या. प्रकृतीच्या कारणाने सदर थांबवत आहे, आजवरच्या वाचकांचे आभार. मी म्हटलं, नीट उतरवून मंगळवारी देते. साप्ताहिकाचा मजकूर मंगळवारीच जातो. मी निघाले तेव्हा ते सुनेला म्हणाले, "आणि तूही आता दुपारची धावत येऊ नकोस. कशाला? मला काय, गरम पाणीही चालेल."

जिन्यात ती माझ्या मागोमाग आली, नवऱ्याशी फोनवर दोन शब्द बोलली आणि पायरीवरच बसली. तिथे तिने मला सगळं सांगितलं, भट्टीवालीपासून.

"सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? की आप्पा, तुमची जीभ शाबूत आहे, मीच तुम्हाला इतके महिने फसवत होते? उद्यापासून माझ्या हातचं पाणी तरी पितील का ते? गोळ्या घेतील? आणि हट्टाने खरी कॉफी सुरू केली तर?"

"मग नको सांगूस."

"तेच तर, बाई. न सांगण्यात माझं सगळं बरं आहे." तिने माझा चष्मा काढून घेतला आणि पदराच्या टोकाने पुसत बसली. "कॉफी बंद होईल. काळीज नीट राहील. माझं धावणं थांबेल, बहिणीकडे जाता येईल. कुणाला काही कळणार नाही. आत्ता यांना फोन केला तर हे म्हणाले, छानच झालं की, सुटलीस! सुटलीस म्हणाले आणि मला वाटलं, कुणीतरी बाहेरून कडी घातली."

पुसून लख्ख झालेला चष्मा ती तरीही पुसत होती.

सोमवारी आप्पा जेवले नाहीत. आमटीची वाटी बाजूला सारून म्हणाले, चव कळत नसताना अन्न कशाला फुकट घालवायचं. शिंपी वर जाऊन गप्पा मारून आला. खाली येऊन मला म्हणाला, "बाई, आप्पांनी माझ्या शर्टाला चांगलं म्हटलं. काहीतरी गंभीर आहे."

संध्याकाळी मी स्वच्छ उतरवलेला कागद सहीसाठी घेऊन गेले. आप्पांनी न वाचताच सही करायला हात पुढे केला. पेन कागदावर थरथरत होतं. तेवढ्यात सूनबाई आतून आली आणि तिने निळा डबा त्यांच्यासमोर, कागदावरच ठेवला.

"यात डिकॅफ आहे, आप्पा. त्याच भट्टीची. तुम्ही दवाखान्यातून दुसऱ्यांदा आलात तेव्हापासून मी हीच देतेय."

आप्पांनी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"रोज?"

"रोज."

"कालच्या चारही कपांत?"

"एकच होतं. तुम्ही बरोबर सांगितलंत. भट्टी एक, दाणा एक. आठवडाभर डब्यात बसलेलं, तेही बरोबर."

आणि आप्पा हसले. खरं सांगते, मी तयारी वेगळ्याची ठेवली होती. त्यांनी टेबलावर थाप मारली, चेहरा असा उजळला की दहा वर्षांनी लहान दिसले. "म्हणजे शेपूट तोकडंच होतं! बाई, ऐकलंत? इतके महिने मी म्हणतोय तोकडं आहे, तोकडं आहे! माझी जीभ..." आणि त्यांनी जीभ बाहेर काढून आम्हाला दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी.

सूनबाईसुद्धा हसली. एक क्षणभर त्या खोलीत आम्ही तिघं लहान मुलांसारखे हसत होतो.

मग आप्पांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी डबा जवळ ओढला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावायला गेले. झाकण बसेना. सूनबाईचा हात पुढे आला तसा त्यांनी डबा बाजूला घेतला.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"यांना. डॉक्टरांना."

"बाईंना?"

"काल सांगितलं."

"म्हणजे मी जिन्यात छाती पुढे काढून सांगत होतो, कॉफी पितोय आणि ठणठणीत आहे, तेव्हा..." त्यांनी झाकण पुन्हा दाबलं. "मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

"आणि मग?"

"मग काय, गेलो असतो कदाचित. पण ते 'नाही' माझं असतं."

सूनबाई टेबलाजवळ सरकली. म्हणाली, "आणि नंतर मी काय केलं असतं आप्पा? तुम्ही गेल्यावर या घरात तुमचा रिकामा कप बघत कोण बसणार होतं? तुमचा मुलगा?"

आप्पांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

मग त्यांनी टेबलावरचा तो कागद ओढून घेतला आणि मला परत दिला. "हा फाडा. दुसरा घ्या. परीक्षण लिहायचं राहिलंय."

मी लिहायला बसले. त्यांनी सांगितलं ते असं: वास भाजलेल्या बदामाचा, स्वच्छ. गोडवा करपण्याच्या आधी उतरवलेल्या साखरेसारखा. आंबटपणा बेताचा. शेवट तोकडा, भट्टीवाल्यांनी भाजणीचा अखेरचा भाग जरा लांबवून बघावा. डिकॅफ आहे हे सांगितलं नाही तर भल्याभल्यांना कळणार नाही, हे मी अनुभवाने लिहीत आहे.

"'अनुभवाने'खाली रेघ मारू का?" मी विचारलं.

"नको. घरातलं घरात राहू दे."

सही करून झाल्यावर ते सुनेला म्हणाले, "उद्यापासून माझी कॉफी मी करीन."

"आप्पा, हात..."

"हात माझे आहेत."

भट्टीवालीचं भलं झालं. ते परीक्षण आल्यावर तिच्याकडे रांग लागली म्हणतात, आणि तिने भाजणी थोडी बदललीही. घराचं म्हणाल तर आता ओट्यावर दोन डबे आहेत. निळ्यात डिकॅफ. दुसरा स्टीलचा. त्यात आप्पांनी त्यांच्या जुन्या कंपनीतल्या माणसाकडून मागवलेली कॉफी. सदरासाठी, असं ते म्हणतात. माप म्हणून घरात एक खरी कॉफी असायला नको का?

सकाळी मला खालून सगळं ऐकू येतं. आधी दाणे फरशीवर सांडल्याचा आवाज, मग शिवी, मग दळण्याची घरघर, मग बराच वेळ काही नाही. पाणी ओतायला त्यांना फार वेळ लागतो. पहिल्या दिवशी त्यांनी हात भाजून घेतला आणि मलम सुनेला लावू दिलं नाही, माझ्याकडे आले.

परवा मी वर्तमानपत्र द्यायला वर गेले होते. दार उघडंच होतं. सूनबाई खांद्याला पिशवी लावून, चपला घालून दारात उभी होती. आप्पा ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्या पाठीमुळे समोर कुठला डबा उघडा आहे ते दिसत नव्हतं. दोन पावलं पुढे गेलं असतं तर दिसलं असतं.

"उशीर होतोय तुला," आप्पा मागे न बघता म्हणाले.

"हो."

"मग जा की. उभी राहू नकोस."

"जाते."

पण ती तशीच उभी राहिली. किटलीचा कान त्यांच्या मुठीत थडथडत होता, पाणी कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडत होतं. तिचे डोळे त्या पाठीवरून हलत नव्हते. मग तिने मान फिरवली, माझ्याकडे न बघता माझ्या चष्म्याची काडी उगाच चाचपली, आणि मागे दार हलकेच ओढून घेऊन जिना उतरायला लागली.